सांडगे नव्हे, सांडा

डोंबिवली,
ऑगस्ट १९८९

प्रिय मधू,

चारचौघांत 'अहो' म्हणते, पण आज डोकं फिरलंय, त्यामुळे 'अरे'च म्हणणार. अरे, लग्नाला तीन वर्षं होत आली. बिकानेरला क्वार्टर मिळालं की तुला घेऊन जातो, हे ऐकून ऐकून कान किटले माझे. क्वार्टर राहिलं बाजूला आणि पाठवलंस काय, तर सांडा!

शेजारच्या शिवरामकाकांकडे तुझा ट्रंक कॉल आलेला, त्यात निम्मी खरखर. सांडा येतोय, रोज उन्हात ठेव. डोंबिवलीच्या बाईला त्यातून काय ऐकू येणार? सांडगे! आईंनी डबा घासूनपुसून ठेवला, वर बिल्डिंगभर सांगून आल्या की मुलानं राजस्थानातून सांडगे पाठवलेत. मग तुझ्या ऑफिसातला तो विश्राम महिन्याच्या रजेवर घरी आला, तो खोका घेऊनच. आईंनी झाकण उघडलं, तर आत काटेरी शेपटीची हातभर पाल!

सांडे मारून त्यांचं तेल काढणाऱ्याच्या तावडीतून सोडवलास म्हणे. चांगलं केलंस. पण शहाण्या, अख्खं वाळवंट दाराशी असताना तिथेच सोडायचं सोडून पाळलास कशाला? आणि असा प्राणी ठेवायला बंदी आहे म्हणून साहेब ओरडल्यावर भर पावसाळ्यात आमच्या गळ्यात बांधलास. इथे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, ह्याला ऊन कुठून आणू? पिंजऱ्यावर शंभरचा बल्ब लावला, तर वीज जाते.

मंगळागौरीला तर कहर झाला. पत्री मांडून ठेवलेली, हा कधी सुटला कोण जाणे. आघाडा, दूर्वा, तगर, सगळं फस्त. फुगड्या घालायला आलेल्या बायका किंचाळत पलंगावर चढल्या. आई म्हणाल्या, नवऱ्याच्या जागी हा आलाय पूजेला, खाऊ दे बापड्याला. सगळ्या हसल्या. मीपण हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता तो काहीच खात नाही. शेपूट सुकलंय, डोळे मिटून पडून असतो. गरम पाण्याची पिशवी जवळ ठेवली की तेवढ्यापुरती मान वर करतो. वैताग वैताग म्हणता म्हणता माया लागली, काय करू? इथे राहिला तर मरेल रे तो.

म्हणून काल विश्रामकडे गेलेले, परत नेशील का विचारायला. तो बिचारा सहज बोलून गेला की नेतो, पण मधूने सांड्याच्या खोलीत आता सामान भरलंय. कुठली खोली, मी विचारलं. तेव्हा कळलं. दिवाळीपासून तुला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय, एकीत तू आणि दुसरीत हा! पालीला खोली, आणि बायकोला थाप? तुला वाटलं असेल, हिला तिथलं ऊन, ती धूळ झेपणार नाही. अरे, मग मला विचारायचं होतंस. फार लागलं मला.

तेव्हा ऐक, मी येतेय. आईंना सगळं सांगितलं. त्यांनी माळ्यावरून माझी बॅग काढली आणि म्हणाल्या, त्याला कळवू नकोस, अशीच जाऊन उभी राहा. पण मी तुझ्यासारखी नाही, कळवून येतेय. पुढच्या बुधवारी विश्रामबरोबर निघते, खोका माझ्या मांडीवर असेल. स्टेशनवर ये. आधी सांड्याला त्याच्या माळावर सोडू, मग दुसरी खोली रिकामी करायला घे. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

तुझीच (अजून तरी),
सरोज