एका चुलीवरचं भांडण

प्रिय संयोगिता,

'प्रिय' हा शब्द अफसानाचा. मी सांगते आणि ती लिहिते, असं चाललंय. मी म्हटलं, नात प्रिय असतीच, ते कागदावर कशाला मिरवायचं? तर म्हणाली, पत्राची रीत आहे काकी. असू दे. माझी शाळा दुसरीत सुटली, रीतीचं तिला जास्त कळतं. मधेमधे ती माझं बोलणं सुधारती, तेही करू दिलंय. शिव्या तेवढ्या गाळू नको म्हणून बजावलंय.

तुझी गोष्ट पोचली. अफसानाच्या फोनवर तू पाठवलीस ती, एक गोष्ट आणि तिला दोन शेवट. एका शेवटात त्या दोघी जावा अखेरपर्यंत एकमेकींशी बोलत नाहीत. दुसऱ्यात गळ्यात गळा घालून रडतात. आणि खाली तू विचारलंस की आजी, सोमवारी गोष्ट सांगलीच्या दिवाळी अंकाला द्यायची आहे, कुठला शेवट ठेवू? पहिला ठेवला तर थोरल्या आजीला लागेल, बाबा तर छापूच नको म्हणतात, तू म्हणशील तो ठेवते. जन्मात मला कुणी असं विचारलं नव्हतं. या घरात मला भाजी कुठली करायची एवढं विचारतात, तेही चिरून झाल्यावर. म्हणून नीट उत्तर देते. थोडं लांबेल, सोसून घे.

आधी हे सांगते की गोष्ट लय भारी झालीय. मी तोंडदेखलं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या बारशाला सगळ्या म्हणत होत्या, पोरगी नाकीडोळी नीटस आहे. मी एकटीच म्हणाले होते, कान मोठे आहेत. तुझी आई आठवडाभर फुगली होती. आता कळलं ते कान कशाला होते.

अफसाना दुपारी वाचत होती आणि मी पावट्याच्या शेंगा सोलत होते. गोष्ट माझीच, माझ्याच घरातली, पुढं काय होणार ते मला पाठ. तरी माझे हात थांबले. आणि अफसानाचं ऐक. तिचं आणि आपलं घर भिंतीला भिंत लागून. इलियास मिस्त्रीची सून होऊन आली तेव्हापासून ती माझा आणि थोरलीचा, माझ्या मोठ्या जावेचा, अबोला बघत आलीय. तर ती मधेच थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि मला विचारती, काकी, मग पुढं काय झालं? मी म्हटलं, गधडे, फोन तुझ्या हातात आहे, वाच की. पण तेव्हाच मला समजलं तू काय केलंस ते. न ऐकलेली गोष्ट कुणीबी ऐकवतं. ठाऊक असलेल्या गोष्टीत शेजारणीचा जीव टांगून ठेवायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही.

टीव्हीवर मालिका लावतात, त्यात बघ. सासूनं डोळे वटारले की ढगफुटीसारखा आवाज होतो आणि मग घरातल्या एकेकाचं तोंड दाखवतात, कुत्रं असलं तर कुत्र्याचंबी. आरडाओरडा म्हणजेच भांडण, असं वाटतं त्यांना. अगं, ओरडून झालं की भांडण निम्मं संपतं. नळावर एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया सांजच्याला एकमेकींकडं विरजण मागायला जातात. आपल्या घरात कुणी आवाजच चढवला नाही. म्हणून तर मिटलं नाही.

तू बरोबर मिठावर बोट ठेवलंस. मामंजींचा हुकूम होता, घर एक तर चूल एक. त्या एका चुलीपाशी मी आणि थोरली, आणि बोलणं बंद. आमटीत मीठ घातलंय का, हे मला तिला विचारता येईना आणि तिला मला. एक दिवस दोघींनी घातलं म्हणून खारट जहर, दुसऱ्या दिवशी दोघींनी हात आखडला म्हणून अळणी पाणी. मामंजी पलटणीतले हवालदार, लढाई बघितलेला माणूस, पण आमटी खारट झालीय एवढं म्हणायची त्यांची छाती झाली नाही. तू ती पंगत लिहिलीस. कुणी काही बोलत नाही, कुणी कुणाकडं बघत नाही, नुसता तांब्या या हातातनं त्या हातात जातोय आणि सगळे पाणी पितायत. मला हसू आलं. भांडणाचं नाव न घेता तू ते ताटात वाढलंस. पुढं तुझी आई लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात मिठाची बरणी तिनं आपल्या ताब्यात घेतली. शहाणी म्हणून मी तिला तेव्हा एकदाच म्हटलं, परत म्हटलेलं नाही.

निरोपांचंही तू बेस लिहिलंस. थोरली तुला म्हणायची, जाऊन सांग तुझ्या आजीला, डोळं फुटलेत काय, दूध उतू चाललंय. तू येऊन मला सांगायचीस, थोरली आजी म्हणते दूध बघ. मला तेव्हाच संशय यायचा की एवढ्याशा निरोपाला ही एवढा वेळ का लावती. वाटेत तू त्यातला दारूगोळा काढून घेत होतीस आणि साठवत होतीस. तो सगळा आता बाहेर आला.

आणि भांडण कशावरनं, हे तू लवकर सांगत नाहीस. ऐकणाऱ्याला वाटतं दागिना असेल, बांध असेल, कुणी कुणाच्या माहेराला बोललं असेल. तू त्याला भटकू देतेस. मग मधेच, आमटी ढवळता ढवळता, त्या दिवसाचं दार उघडतेस. आमच्या गावाची रीतच ती. घरातला एक पोरगा पलटणीत, एक रानात. तुझा बाप कृष्णात आणि थोरलीचा हंबीरराव एकाच वयाचे, आणि आम्हा दोघींना एकेकच. सातारच्या भरतीत दोघं मैदानात पळाले, दोघंही निवडले गेले. मामंजी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "एक जाईल, एक राहील. कोण आपला पोरगा सोडतंय?" थोरली भाकरी थापत होती, मी चुलीपाशी. ती बोलली नाही, मी बोलले नाही. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी कुणी उलथली नाही. शेवटी हंबीरराव दारातनं हसत म्हणाला, "मी जातो की. कशाला भाकरी जाळताय?"

तो गेला. पुढं बर्फातल्या ठाण्यावर होता, तिथनं झेंड्यात गुंडाळून आला. त्या दिवसापासून थोरलीनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं, तू गप बसलीस म्हणून माझा गेला. माझं म्हणणं, गप तूबी बसलीस, मी कुणाला ढकललं नाही. आजही मी हेच म्हणते. कुणी माझ्या तोंडून दुसरं काही काढू बघेल तर त्याचं त्यानं बघावं.

पण तू काय केलंस? थोरलीची बाजू माझ्याइतकीच वजनदार मांडलीस. पहिल्यांदा मला राग आला. माझी नात, माझ्या हातचं खाऊन वाढलेली आणि तिकडनं बोलती. अफसानाला मी वाचायचं थांबव म्हणाले. ती थांबली नाही. मग ऐकता ऐकता ध्यानात आलं. जत्रेत कुस्त्या बघितल्यास की तू. एक पैलवान तगडा आणि दुसरा पाप्याचं पितर असला की माणसं भज्यांच्या गाड्याकडं वळतात. जोड बरोबरीची लागली की मात्र म्हातारी माणसंबी काठी टाकून उभी राहतात, कारण आता कोण चीत होईल ते देवालाही ठाऊक नसतं. तू जोड बरोबरीची लावलीस. गोष्ट ऐकताना दोन जागी मी थोरलीच्या बाजूनं झाले, माझ्याच विरुद्ध. असं मला आजवर कुणी केलं नव्हतं, कीर्तनकारानंही नाही.

आणखी एक. दोघींतली एक उठून गेली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. मामंजी गेल्यावर चूल वेगळी करता आली असती, कुणी अडवलं नसतं. पण जी आधी मागेल तिनं हार खाल्ली, म्हणून कुणीच मागितली नाही. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. थोरलीनं बोलायचा सवालच नाही. तुला कुठनं कळलं? एका दाव्याला बांधलेल्या दोन म्हशींसारख्या आम्ही त्या चुलीभोवती फिरलो आणि तू ते दावं बघितलंस. लोकांना म्हशी दिसतात. दावं दिसायला डोळा लागतो.

आता दुसऱ्या शेवटाचं. तो तू पाण्यात घातलास. थोरली घेरी येऊन पडते, मी धावत जाते, पायावर डोकं ठेवते आणि म्हणते, आक्का, मला माफ करा. मी थोरलीला जन्मात आक्का म्हटलेलं नाही आणि माझे गुडघे बघता कुणाच्या पायापर्यंत मी वाकत नाही. ही नुरा कुस्ती झाली, पोरी. आधी ठरवून पडल्यावर मैदानातली माणसं काय करतात? खडे मारतात, आणि बरोबरच करतात. एवढा वेळ तू त्यांना उन्हात बसवलंस, श्वास रोखायला लावलास आणि शेवटी पैलवानांना गुदगुल्या केल्यास. गोष्टीला त्या शेवटाची गरज नव्हती. तुला आमची दया आली म्हणून तू तो लिहिलास. दया फोनवर करावी, गोष्टीत करू नये.

तुझ्या बापाचं म्हणशील, तर घरातलं चव्हाट्यावर नको हे त्याचं नुसतं वरवरचं आहे. तो मागं राहिलेला पोरगा आहे. हंबीररावच्या फोटोपुढनं जाताना तो अजून चाल हळू करतो, तू बघितलं असशील. त्याचं मी बघते. आई आहे मी त्याची, ओरडायचा हक्क आहे.

पण कुठला शेवट ठेवायचा, हे माझ्या एकटीच्या जिवावर सांगता येईना. गोष्ट निम्मी तिची. आणि तिला विचारायला तू इथं नाहीस, तुझ्या बापाला विचारायला लावलं तर तो विचारणार नाही. म्हणून काल दुपारी अफसानाला घेऊन मी बाहेरच्या सोप्यात गेले. थोरली सुपात गहू निवडत होती. अफसाना तिच्याजवळ बसली, मी उंबऱ्यापाशी. अफसानानं सगळी गोष्ट वाचली, आमटी, भरती, झेंडा, सगळं. थोरलीनं मान वर केली नाही. पहिला शेवट झाला. तिचा हात सुपात तसाच. मग दुसरा वाचला. मी तिच्या पाया पडते तिथं आल्यावर थोरलीनं डोकं वर केलं आणि बाजारात म्हैस बघावी तसं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आधी ती हसली. मग मलाबी आवरेना. अफसाना बिचारी एकदा इकडं बघती, एकदा तिकडं. हसणं संपल्यावर मी तिला विचारलं, "कुठला ठेवायचा?" हंबीरराव झेंड्यातनं आला त्या दिवसानंतर मी तिच्याशी तोंडानं बोलले ती ही पहिली वेळ. ती सुपाकडं बघत म्हणाली, "पहिला. म्या माफ केलेलं न्हाई." मी म्हटलं, "म्या मागितलेली न्हाई." ती म्हणाली, "मग झालं की." आणि परत गहू निवडायला लागली. मी उठले. दारातनं बाहेर पडणार तेवढ्यात मागनं म्हणाली, "पोरीनं माझ्या पोराचं नाव बदललंया. कोण हा जयराज? तिला म्हणावं, हंबीरराव लिही." मी व्हय म्हटलं. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. बोलायचं होतं ते झालं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण थोरलीनं अफसानाजवळ निरोप दिला, असली परवानगी कागदावर पाहिजे, उद्या कुणी नाही म्हणायला नको. म्हणून हे पत्र. खाली तिला जागा सोडलीय, तिला सही येते. सोमवारी पहिला शेवट दे आणि नाव तेवढं बदल.

तुझीच,
आजी हौसाबाई

आणि तुझीच,
राहीबाई, हंबीररावची आई