माधवच्या नावाचं पान

९ सप्टेंबर, मंगळवार. नांदेड
निवृत्त झालो तरी दिल्ली पाठ सोडत नाही. परदेशात लढाई चालू असताना हत्यारबंद टोळीने आपल्या मजुरांच्या छावणीत शिरून, धर्म विचारून माणसं वेगळी काढली आणि नेली. इतक्या वर्षांनी तिथलं सरकार भरपाईला तयार झालंय. वाटाघाटी आपल्या परराष्ट्र खात्याच्या, नांदेड-लातूरचे दावे तपासायला मी. कंत्राटी. पहिला दावा अर्धापूरजवळचा: नेलेल्यांपैकी माधव, गवंडी. दावेदार बायको, सुनंदाबाई.
वकिलातीत मला पाठीमागे शंकासुर म्हणत. म्हणोत बापडे. खोटे दावे मीच पकडायचो.

११ सप्टें., गुरु.
केळीच्या बागा ओलांडून घर सापडलं. नेमका त्यांच्याकडे पितरांचा दिवस. पत्र्यावर कावळ्यांसाठी पानं दोनच, सासूचं आणि सासऱ्याचं. माधवच्या नावाचं नाही. बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. तिला काही विचारलं की उत्तर दीर देतो, दत्ता त्याचं नाव.
अर्जात माधव मयत आणि घरात जिवंत? मेलेल्याला पितरात उपाशी कोण ठेवील? गडी कुठेतरी मजेत आहे. वास येतोय.

१३ सप्टें., शनि.
पुन्हा त्याच गावात, टपरीवर. चहावाल्याने न विचारता कानात सांगितलं, माधवला लातुरात पाहिलाय. डाळमिलमध्ये. मला वाटलंच होतं.

१५ सप्टें., सोम. लातूर
मिलमध्ये माणूस सापडला. अर्जावरच्या फोटोतला तोंडावळा, तेच नाक. मनात म्हटलं, धरला! तर निघाला माधवचा मावसभाऊ, रेणापूरचा. आधार कार्ड दाखवलं, नाव-गाव सगळं बरोबर. वर म्हणाला, "वैनी बी आल्ती इथं. आधी लांबून बघितलं, मग जवळून. पाणी बी न पिता गेली."
लपवणारी बाई शोधायला कशाला येईल? एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. परतताना एसटीत स्वतःचीच लाज वाटली.

१७ सप्टें., बुध.
दिल्लीहून उपसचिवसाहेबांचा (उ.सा.) फोन. २२ला बाईची सही हवी. करारनाम्याचा मसुदाही आला. त्यात एक कलम बारीक अक्षरात: भरपाई घेतली की माधवबद्दल पुढे काही विचारायचं नाही. बाईनेही नाही, आपल्या सरकारनेही नाही. विचारलं, साहेब, एवढी घाई कसली? म्हणाले, संबंध सुधारतायत, तुम्ही खुसपटं काढू नका.
आपल्या पत्रांना साधी पोच न देणारं तिकडचं सरकार अचानक इतकं दानशूर? आता संशयाची दिशा बदलली. गावाकडून तिकडे.

१९ सप्टें., शुक्र.
दत्ताला ओसरीवर बसवलं आणि बाईंना मसुदा मराठीत समजावला. 'मयत' दत्ताने लिहिलं होतं. त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. कोणीतरी चौकशी तरी करील म्हणून हिने सही केली. पान का वाढलं नाही ते मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. वाढलं की तिच्या हातानेच त्याला मारल्यासारखं होईल.
मग म्हणाली, "पैसे देऊन राह्यले म्हंजी मेले हे त्यांना ठाव हाय. मंग कुठं मेले ते बी ठाव असंल. तेवढं सांगा म्हणावं. सही करते. पान बी वाढते."
बरं, बघतो, म्हणालो. सरकारी सवय.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री अमावस्या
दत्ताने जेवायला बोलावलं. गेलो तर पानं तीन! आणि भावकीसमोर पाट मांडलेला, माझ्यासाठी. माधवचा पितर म्हणून मी बसायचं. त्याच्या नावाने मी जेवायचं. दत्ता हात जोडून म्हणाला, "सायब जेवले म्हंजी पक्कं झालं."
सरकारी माणूस जेवला की माधव मेला, हे गावाला कोणत्याही कागदाहून पक्कं. सुनंदाबाई चुलीपाशी, पाठ करून. भाकरी थापायची थांबली होती.
पोट बिघडलंय म्हणालो. कोणाला पटलं नाही. दत्ताचं तोंड उतरलं. वाईट माणूस नाही तो, भावाची वाट बघून थकलाय. थकलेल्या माणसाचा मला राग येत नाही.
सुनंदाबाई रस्त्यापर्यंत मागे आल्या. हातात डबा दिला. "हे पितराचं न्हाई. तुमचं हाय. खावा."
घरी येऊन आधी दिल्लीला मेल टाकला. सही नाही. दावेदार विचारते, कुठे? हाच प्रश्न त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीला लेखी विचारावा ही विनंती. उ.सा. भडकणार, कंत्राट बहुतेक जाणार. जाऊ दे. मग डबा उघडला. भाकरी, पिठलं, ठेचा. सगळं खाल्लं.
उद्या मुदत. उत्तर आलं नाही तर काय, ही धास्ती आहेच. पण सकाळीच आलं तर? म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं, आणि ती लातूरच्या मिलमध्ये माणसांची तोंडं बघत फिरत होती.