बाबांच्या जागी कुंडी

३ सप्टेंबर

ती. सौ. ताईस, चिंगीचा सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. शिपाईमामा चिडवतील, चिडवू देत. फोनवर मनातलं बोलायची सोय नाही. भावोजी फोन स्पीकरवर टाकतात आणि तुझं सगळं सासर माझ्या सर्दीवर औषध सुचवतं.

खोली मिळाली. स्वयंपाकघर मात्र सगळ्या मजल्याला मिळून एकच, आणि त्याचं वर्णन केलं तर तुला डबा जाणार नाही. कुणाच्या तरी तव्यावर चरबी गोठून पांढरी पडलेली, बेसिनच्या जाळीत केसांचा बोळा. मी नाकाला रुमाल बांधून तो काढला, तर शेजारीण म्हणाली की दिवसभर सांडपाणी तपासणाऱ्या मुलीला एवढी किळस कशाची? तिचंही खरं आहे. प्रयोगशाळेत मैल्याच्या बाटल्या हाताळताना मला काहीच वाटत नाही.

एक गंमत सांगते. या परदेशात शिकायच्या परवान्यावर नवरा आणि लहान मुलं आणता येतात. वर्गातल्या एकीचा नवरा आला, तो आता तिच्या आधी उठून तिचा डबा भरतो. मला हेवा वाटला. म्हणून कॉलेजच्या खिडकीवर विचारलं, की मला आई आणि बहीण आणायची आहे. बाईंनी गोड हसून सांगितलं की त्या दोघी कुटुंबात मोडत नाहीत. घ्या! आईला सांग, हसेल.

तुझ्या सासरी तिला दिलेल्या मागच्या खोलीतली ओल वाळली का? तुझ्या चिंगीवर रागावायचं राहून गेलं असेल तर पुढच्या पत्रात रागाव, पण लिही.

तुझी,
चिंगी

१९ सप्टेंबर

चि. चिंगीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी गंमत मी जेवताना सांगितली. आई हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला घास तसाच ठेवून विचारलं की म्हणजे नवरा असता तर फुकटात गेला असता?

पुढचं लिहायला हात रेटत नाही. आमचा सोन्या तुला ठाऊकच आहे. मोबाइलचं दुकान बुडवून माझे दीर सध्या दुपारपर्यंत झोपतात. तर तुझ्या भावोजींचं म्हणणं असं, की तू कागदावर सोन्याला नवरा म्हणून दाखवायचं. तो तिकडे गेला की आपापले रस्ते मोकळे. सासूबाई म्हणाल्या, तसंही तुझं कुठे जमतंय. खुद्द सोन्याने तर मोठ्या मनाने सांगितलं की तो तुला मुळीच त्रास देणार नाही, फक्त जेवण तेवढं एकत्र.

आणि हे झाल्यावर सासूबाई सहज बोलल्यासारखं बोलल्या, की सोन्या इथेच राहिला तर त्याचं लग्न करावं लागेल, आणि मग मागची खोली त्यालाच लागेल. आई समोर बसली होती. तिने ताट उचललं आणि आत गेली.

मी निरोप पोहोचवला. माझं मत विचारू नकोस. या घरात ते मलाच सापडत नाही. जपून राहा, आणि त्या स्वयंपाकघरात अनवाणी फिरू नकोस.

तुझी,
ताई

६ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले.

बाटलीतल्या घाणीला निदान आपण घाण म्हणतो, झाकण लावतो. ही ताटात वाढलेली. आई, जिने मला जन्म दिला, ती इथे माझी कुणी नाही. आणि जो मला एकदा भर लग्नात पंख्याखालच्या खुर्चीवरून उठवून स्वतः बसला, तो माझा नवरा! सोन्या माझ्या पातेल्यात चमचा घालतोय, असं नुसतं मनात आलं तरी मी पातेलं पुन्हा घासायला घेते.

पण ताई, त्यांनी आईची खोली धरली आहे. माझं शिक्षण संपेपर्यंत मी तिला दुसरं छप्पर देऊ शकत नाही, हे त्यांना नीट माहीत आहे. म्हणून तुझ्यावर टाकते. तू कर म्हणालीस तर सही करीन. नको म्हणालीस तर नाही. मत सापडत नाही म्हणतेस ना? शोध. गॅसच्या टाकीमागे पडलं असेल.

रागावलेली, पण तुझीच,
चिंगी

२८ ऑक्टोबर

चि. चिंगीस, अनेक आशीर्वाद.

सापडलं.

लग्नाचा पुरावा म्हणून फोटो लागतो, असं परवान्याच्या एजंटाने सांगितलं. मागच्या आठवड्यात हे स्टुडिओतून तो करून, फ्रेममध्ये घालून घेऊन आले आणि सगळ्यांना दाखवायला टेबलावर ठेवला. फोटो माझ्याच लग्नाचा, चिंगे. माझ्या मानेवर तुझं डोकं, यांच्या मानेवर सोन्याचं. तुझा चेहरा पासपोर्टवरचा, त्यामुळे हार घालतानाही तू चोर पकडल्यासारखी समोर बघते आहेस. हार धरलेला हात माझा, तव्याच्या चटक्याचा डाग असलेला. सासूबाई म्हणाल्या, जोडा शोभतो.

मागे बाबा उभे होते, अक्षतांची मूठ उचललेली. सोन्याच्याच ध्यानात आलं, की बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, आताच्या लग्नात ते दिसले तर तिकडचे साहेब पकडतील. त्यावर यांनी चहाचा घोट घेत सांगितलं, की काही अवघड नाही, स्टुडिओवाला म्हणालाय, बाबांच्या जागी कुंडी टाकू.

  मी उठून मोरीशी जाऊन उभी राहिले.

परत आले तर आई फोटो डोळ्यांजवळ धरून बसली होती. तिने पदराने काच पुसली आणि विचारलं, की चिंगी आहे, मग यात माझी मोठी कुठे आहे?  हे हसले, आणि म्हणाले, की नुसता फोटोच तर आहे.

मी आईची पिशवी भरायला घेतली. मग माझी. शिपाईमामांच्या बहिणीची एक खोली रिकामी होती, शाळेच्या मागेच. ओल आहे, मोरी सामाईक आहे, जाळीत केसांचा बोळा होता. मी हातानेच काढला. हे रोज शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. अजून काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही. पण सही करू नकोस. हे माझं मत.

फोटो फ्रेममधून काढून मी बाबांपुरता कापून घेतला आहे. कापताना माझा हारवाला हातही त्यांच्यासोबत आला. तो तसाच ठेवलाय.

आता पत्र घरच्या पत्त्यावर लिहीत जा. पत्ता मागे दिला आहे. आई म्हणते, त्या खिडकीवरच्या बाईंना तुझ्या कुटुंबाचा नमस्कार कळव.

तुझी,
ताई