कोल्हीचा निकाल दुसऱ्या भागात

तीर्थरूप वन्सं यांच्या चरणी भावजयीचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. आईंचे डोळे सुधारत आहेत, पण ऑपरेशननंतर महिनाभर वाचायला मनाई आहे, आणि पुढची सगळी हकीकत त्या मनाईतूनच निघाली.

गेल्या खेपेला तुम्ही इथे एक जाडजूड कादंबरी विसरलात. चिनी पुराणांवर बेतलेली. मॅट्रिकनंतर मी पोथीशिवाय काही वाचलेलं नाही, पण साडेचारशे पानं घरात नुसती पडून राहिलेली मला बघवेनात. म्हटलं, रोज दहा पानं. पाचव्या दिवशी दूध उतू जाऊन करपलं तरी मला पत्ता नाही (ह्यांना सांगू नये). नावं सगळी सारखी, म्हणून हिशेबाच्या वहीत जमेला सज्जन आणि खर्चाला राक्षस मांडले. नऊ शेपट्यांच्या कोल्हीला चार वेळा खोडून इकडून तिकडे न्यावं लागलं. देवांचा कारभार मात्र फार पटला. स्वर्गात रीतसर कचेरी, कारकून, शिक्के. चुलीपाशीसुद्धा एक देव, तो वर्षअखेरीस घरातलं सगळं वर कळवतो. तेव्हापासून मी गॅससमोर कुणाला नावं ठेवत नाही, बाहेरच्या खोलीत येऊन ठेवते.

आता चूक. पोथी आणि कादंबरी, दोन्हींना मी जुन्या कॅलेंडरच्या एकाच पानाचं कव्हर घातलं होतं (कागद पुरत होता). एका दुपारी आईंना पोथी वाचून दाखवायला बसले. स्वर्गातल्या बागेचं वर्णन अर्धं पान वाचल्यावर लक्षात आलं, हे ते पुस्तक नव्हे. वर बघते तर आईंनी हात जोडलेले. जोडलेल्या हातांना काय सांगायचं? वाचत राहिले. अठरा दिवस वाचलं. पोथी मी पहाटे एकटी वाचून भरून काढते, देव समजून घेईल.

आई कोल्हीत पार गुंतल्या. ती ज्या घरी सून होऊन राहते, तिथल्या आजारी सासूसाठी तिनं स्वर्गातलं एक पीच चोरलं. ते फळ तीन हजार वर्षांनी एकदा पिकतं. सेनापतीनं तिला पकडलं तेव्हा आई म्हणाल्या, "एका फळासाठी एवढा तमाशा? त्यांच्या घरी कुणी म्हातारं नाही वाटतं." मग दरबार भरला, निकालाचा कागद उलगडला, आणि पहिला भाग संपला. आईंनी जाहीर केलं, कोल्ही सुटेपर्यंत चहा बंद. आज सहावा दिवस. त्यांचं डोकं दुखतं, आणि डोळ्यांचे डॉक्टर कारण मला विचारतात. काय सांगू, कोल्ही कोठडीत आहे म्हणून?

बाकी विशेष नाही. मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. दुसरा भाग तुमच्याकडे असल्यास लगेच पोस्टाने पाठवावा. आईंसाठी. कोल्हीला शिक्षा झाली असेल तर वेगळ्या चिठ्ठीत लिहा, वाचताना मी सोडवीन तिला.

ता. क. दुसरा. आत्ता आईंनी पत्र वाचून दाखवायला लावलं. मी गुडघा आणि आशीर्वाद एवढंच वाचलं. त्या म्हणाल्या, "आणि दुसरा भाग मागवलास ते?" मी पत्राची घडी घालायला लागले. "अगं, पोथी वाचताना तू कधी राक्षसाचा आवाज काढला होतास का? दुसऱ्या दिवशीच कळलं मला." मग चहा कशाला सोडलात, असं विचारलं. म्हणाल्या, "लेकीला ओळखते मी. नुसतं पुस्तक मागितलं तर वर्ष लावेल. आईनं चहा सोडला म्हटलं की उद्या धाडेल. ते नीट लिहिलंयस ना?"