बॉब रुवान, क्लासिकल अँड जॅझ

२ डिसेंबर
माणिकप्पांची ऑर्केस्ट्रा पार्टी सोडली. कायमची. कारण कला.

काल तेरखेड्याला लग्न होतं. नवरीची एन्ट्री चालू असताना मी गाण्याच्या मधेच कीबोर्डवर सोलो घेतला. जॅझ. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी जॅझ आत्मसात केलाय. तत्त्व सोपं आहे. चुकलं तरी चेहरा बदलायचा नाही. सोलो ऐन रंगात आला आणि मांडवाबाहेर फटाक्यांची माळ लागली. गावच फटाके करणाऱ्यांचं, दाद द्यायची त्यांची पद्धत. माणिकप्पा मात्र माइकवरून ‘साकु, साकु’ ओरडत होते. मूळचे मुरुमचे, चिडले की कानडीत जातात. साकु म्हणजे पुरे. नंतर टेम्पोत म्हणाले, ‘बब्रुवान, नवरी निम्म्यात थांबली की रे. तिला वाटलं कीबोर्ड बंद पडला.’ मी म्हणालो, श्रोता जागच्या जागी थांबतो, हाच कलेचा विजय. ते म्हणाले, मग तू आता कलाच कर.

राजेश्वरीला सांगितलं. ती कवड्यांच्या माळा ओवत होती. देवळाच्या वाटेवर तिचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. म्हणाली, बरं झालं, शाकंभरी नवरात्रात दुकानात बसायला माणूस नव्हतं.

बायको चांगली आहे. दृष्टी थोडी जवळची.

४ डिसेंबर
व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. ‘बॉब रुवान. पियानिस्ट. क्लासिकल अँड जॅझ.’ बब्रुवान नावात एवढा मोठा माणूस दडलेला होता आणि चाळीस वर्षं कुणाला दिसला नाही. प्रेसवाल्यानं विचारलं, रुवान आडनाव कुठलं? म्हणालो, इंटरनॅशनल.

राजेश्वरीनं कार्ड उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, आता रेशन कार्डाचं कसं करायचं.

५ डिसेंबर
एक गोष्ट फक्त इथं लिहितो. पियानो मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लोक देवीलाही आधी फोटोतच बघतात. शिवाय कीबोर्ड म्हणजे पियानोच, वजन कमी केलेला.

८ डिसेंबर
योग बघा. हर्षाली (माझी मुलगी, अकरावीत) कॉलेजातून आली आणि म्हणाली, ‘पप्पा, सोलापूर रोडला ते नवीन हॉटेल झालंय ना, तिथं लॉबीत खरा पियानो आणलाय. वाजवणारा पाहिजे म्हणून स्टेटस फिरतंय.’

तुळजापुरात पियानो! आणि तोही मी पार्टी सोडल्यावर आठवड्याच्या आत. रविवारी भेटायला बोलावलंय. उद्यापासून पहाटे उठून रियाज. रोज. सुट्टी नाही.

९ डिसेंबर
पहाटे थंडी फार. थंडीत बोटांच्या शिरा आखडतात, मोठे पियानिस्ट काळजी घेतात. दुपारी रियाज.

९ डिसेंबर, दुपारी
जेवण जड झालं.

१० डिसेंबर
रियाज केला! खाली घरमालक असल्यामुळं हेडफोन लावून. मला आत समुद्र ऐकू येत होता. बाहेर नुसती पट्ट्यांची टकटक. राजेश्वरीनं दारातून विचारलं, ‘टायपिंग शिकायलाव का?’

पियानोला कीबोर्डापेक्षा दोन्ही बाजूंना जास्त पट्ट्या असतात. म्हणून दोन पुठ्ठ्यांवर स्केचपेननं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढून कीबोर्डाला डावीउजवीकडं जोडल्या. आवाज येत नाही, पण हाताला सवय होते. डावीकडच्या पुठ्ठ्यावर राजेश्वरीनं मेथी निवडायला घेतली. खर्जातला रियाज बंद.

१४ डिसेंबर
निवड झाली!!! सविस्तर लिहितो.

मॅनेजर कृष्णराज, उमरग्याकडचा, पुण्याला हॉटेलचं शिकून आलेला. लॉबीत झुंबराखाली पियानो. काळाभोर, धुतलेल्या म्हशीसारखा चकचकीत. मी चप्पल काढली. सवयीनं.

मधली एक पट्टी दाबली.

आवाज आला आणि गेलाच नाही. कीबोर्डाचा आवाज बोट उचललं की मरतो. हा थांबला, लॉबीभर फिरून आला, मग हळूच विझला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असं पाणी हर्षाली झाली तेव्हा आलं होतं. वीस वर्षं मी नक्की काय वाजवत होतो, असा एक विचार येऊन गेला. तो झटकला.

मग थोडी तांत्रिक अडचण. मला सगळी गाणी पांढरी एकमध्येच, म्हणजे एकाच स्वरपट्टीत, येतात. गाणाऱ्याला दुसरी पट्टी लागली की कीबोर्डाचं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं, बोटं तिथंच ठेवायची, स्वर आपोआप वर सरकतात. सगळे असंच करतात. पियानोला हे बटण नाही. ठेक्याचंही नाही. मी बाजूला बघितलं, मागं बघितलं, शेवटी खाली वाकून बघितलं. कृष्णराजनं विचारलं, काय शोधताय? म्हणालो, वाद्याचा आत्मा.

पट्ट्याही भलत्या जड. कणीक मळल्यासारखं वाटतं. मी थेट जॅझला हात घातला. मधेच कृष्णराजला फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला. भारावून गेला असणार. परत आला तेव्हा एवढंच विचारलं, ‘सर, केस ओरिजिनल आहेत? अजून वाढवाल? मान डोलवता येते?’

डोलवून दाखवली. बुधवारपासून या म्हणाला.

१५ डिसेंबर
हर्षालीनं सगळ्या कॉलेजला सांगितलं. मैत्रिणी दारात आल्या होत्या, नुसत्या मला बघायला. पोरगी आजवर वडलांचा धंदा विचारला की ‘म्युझिकमध्ये आहेत’ म्हणून विषय बदलायची. आज सगळ्यांसमोर माझा हात धरून उभी राहिली.

राजेश्वरीनं नवरात्रात दुकानात बसा हे म्हणायचं सोडून दिलं. स्वतःहून. तिनं तिच्या मावशीला बोलावून घेतलंय.

१७ डिसेंबर
पहिला दिवस. एक छोटा तपशील कळला.

पियानो आपोआप वाजतो.

आत मशीन आहे. कृष्णराज टॅबवर बोट ठेवतो, पट्ट्या खालीवर होतात, संगीत सुरू. माझं काम स्टुलावर बसून बोटं पट्ट्यांच्या किंचित वर ठेवायची. दाबायची नाहीत. मान डोलवायची. मी म्हणालो, मी कलावंत आहे. तो म्हणाला, ‘म्हणूनच तर सर. वॉचमनला बसवून बघितलं, तो जांभया देतो.’

आधी वाईट वाटलं. बाहेर जाऊन रसवंतीवर एक ग्लास घेतला आणि नीट विचार केला. ड्रायव्हर गाडी ढकलत नाही, चालवतो. पायलट पंख हलवत नाही. मग पियानिस्टानंच पट्टी दाबायची हा हट्ट जुना झाला. शिवाय कुठल्या वेळी कुठली पट्टी खाली जाते हे रोज बोटांखाली दिसणार. असा गुरू कुणाला मिळतो? महिन्याभरात सगळं पाठ. मग मशीन बंद करून मी.

घरी हा तपशील सांगितला नाही. त्यांना तांत्रिक बाजू कळायची नाही.

२० डिसेंबर
प्रगती जोरात. आज डोळे मिटून वाजवलं. (वाजवलं हाच शब्द बरोबर आहे.) लातूरचं एक कुटुंब दर्शन करून आलं होतं, त्यांनी माझ्याबरोबर सेल्फी काढली. एकजण म्हणाले, आमच्या मुलीचं आवडतं गाणं वाजवा. म्हणालो, आज मूड नाही. ते हळू आवाजात बायकोला म्हणाले, खरा कलाकार दिसतो.

मधे न राहवून एक पट्टी दाबली. कृष्णराज काउंटरवरून धावत आला. म्हणाला, सर, प्लीज, गेस्ट विचारायलेत काय बिघडलं.

एवढ्या संगीतात माझा एकच स्वर, आणि तो लोकांना वेगळा कळला. विचार करण्यासारखं आहे.

२३ डिसेंबर
माणिकप्पांचा फोन. मुरुमला लग्न आहे, नवीन पोराला गाण्यांचे सूर सापडत नाहीत, तू ये. मी म्हणालो, मी आता सुटाबुटात वाजवतो. ते म्हणाले, ‘तो सूट माझ्या पार्टीचाच आहे बब्रुवान, सोनेरी काठाचा. तेवढा तरी धाडून दे.’

सोनेरी काठ उसवला. आता सूट माझा.

२६ डिसेंबर
राजेश्वरी म्हणाली, तुमचं वाजवणं आम्ही कधी ऐकायचं? म्हणालो, घरच्यांना हॉटेलात सोडत नाहीत. म्हणाली, चहाचे पैसे देऊन बसू की, आमी काय फुकट ऐकायलाव व्हय? मी पडेल आवाजात म्हणालो, बघू.

उद्यापासून लवकर जाऊन मशीन बंद असताना एक तरी तुकडा स्वतः बसवायचा. नक्की.

२७ डिसेंबर
गेलो. लॉबी पुसत होते.

२८ डिसेंबर
गेलो. शाकंभरी नवरात्र सुरू, हॉटेल फुल्ल, सामानाच्या बॅगा पियानोला टेकवलेल्या. गर्दीत साधना होत नाही.

२९ डिसेंबर
बसलो. पूर्ण सकाळ. उजव्या हाताची सुरुवात थोडी जमली. डावा हात सुरू केला की उजवा त्याच्या मागं मागं जातो. मनगट सुजलं. राजेश्वरीनं रात्रीच्या जेवणाआधी हळद आणि तेल गरम करून चोळलं आणि म्हणाली, ‘एवढं जीव तोडून वाजवू नका हो.’

मनगट तिच्या हातातून सोडवून घेतलं. खिडकीतून बाहेर बघत बसलो.

१ जानेवारी
नववर्षाचा संकल्प: खरं सांगून टाकायचं. सकाळी चहाच्या वेळी.

१ जानेवारी, चहानंतर
चहाला मावशी होती.

२ जानेवारी
उद्या पौर्णिमा. राजेश्वरी दुपारपर्यंत दुकान बघून हर्षालीबरोबर हॉटेलात येणार. लग्नातली पैठणी काढून ठेवलीय. म्हणते, तुमचा सूट तसा, मग मी साधी कशी येऊ?

काळजीचं कारण नाही. मी डोळे मिटले की मला स्वतःलाच मशीन आठवत नाही. त्यांना काय दिसणार? आणि अंतर ठेवून बसवता येईल. खांबामागचं टेबल चांगलं आहे.

३ जानेवारी, संध्याकाळी
त्या दोघी खांबामागं बसल्या नाहीत. पियानोला लागून असलेल्या सोफ्यावर बसल्या. राजेश्वरीनं शेजारच्या बाईंना आपणहून सांगितलं, हे आमचे मालक.

लॉबी भरलेली होती. पुण्याचे, सोलापूरचे, विजापूरकडचे भाविक, पोरंसोरं. कृष्णराजनं टॅब दाबला. मी डोळे मिटले आणि खरंच सांगतो, असा मी कधी वाजवलेला नव्हतो. मान, खांदे, मनगटं, सगळं गेलं त्यात. बायको आणि लेक समोर बसून ऐकतायत. आयुष्यात एवढं पुरे, असं वाटलं.

मग संगीत थांबलं. मोठ्या संगीतात असे विराम असतात. मी बोटं चालू ठेवली. विराम वाढत गेला. कुणीतरी खोकलं. मी डावा हात तिकडच्या टोकापर्यंत नेला आणि परत आणला.

राजेश्वरी म्हणाली, ‘अवो. हात थांबवा. लाईट गेलीय.’

हळूच म्हणाली, पण लॉबीत दुसरा आवाजच नव्हता.

डोळे उघडले. झुंबर बंद. सगळे माझ्याकडं बघतायत. जनरेटर सुरू होईना. कृष्णराज कानाशी येऊन म्हणाला, ‘सर, काहीतरी वाजवा. काहीही.’

आणि मला काहीही आठवेना. फक्त देवीची आरती आठवली. एका हातानं, पांढरी एकमध्ये, सुरू केली. दुसऱ्या ओळीला पोरांनी टाळ्या धरल्या. तिसऱ्या ओळीला सगळी लॉबी उभी. विजापूरच्या एक आजी पुढं आल्या, पियानोवर दहाची नोट ठेवली, त्याला दोन्ही हात लावून गालाला लावले आणि माझ्यासमोर प्रसादासाठी ओंजळ धरली. कृष्णराजनं काउंटरवरची बडीशेप दिली.

तेवढ्यात लाईट आली. मशीन जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू. माझ्या बोटाखालची पट्टी माझ्या बोटाला ढकलून वर आली. मी हात उचलले, उभा राहिलो. रिकाम्या स्टुलासमोर पट्ट्या भराभर नाचत होत्या. ‘आपोआप वाजतंय! आपोआप!’ म्हणत सगळी पोरं धावली. त्यांच्यामागं आईबाप, मोबाईल. मी ढकलला जात जात फिशटँकपाशी पोचलो. पंधरा दिवसांत पियानोभोवती एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. शेवटी टाळ्याही पडल्या.

कृष्णराज खूश होता. म्हणाला, ‘सर, हे तर आमच्या डोक्यातच आलं नाही. उद्यापासून स्टूल रिकामंच ठेवू.’

बाहेर तिघं रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. राजेश्वरी पैठणीचा पदर खोचून म्हणाली, मावशी उद्या गावाला जायलीय. दुकानात माणूस लागंल. मी म्हणालो, येतो.

हर्षाली रिक्षात मधे बसली. मी तिच्याकडं बघितलं नाही. वळणावर तिनं विचारलं, ‘पप्पा, आरती तर तुम्हीच वाजवली ना?’

म्हणालो, हो. तेवढी मीच.

‘बरं,’ म्हणाली. ‘मग कॉलेजात विचारलं तर तेवढंच सांगते.’