पडलेला माणूस

३ मार्च
आज वाट लागली! चाचणीच्या मैदानात आमच्या बाहुल्याचा स्टँड मोडला. नाव जावईबापू — काम काही नाही, नुसतं नटून उभं राहायचं. उभा असला की ड्रोन त्याला ओळखून वरच थांबतं. आज आडवा झाला, तर औषधांच्या खोक्यासकट थेट त्याच्या छातीवर उतरलं. सगळे हसले. मी कारण शोधायला बसले.

४ मार्च
कारण सापडलं. ड्रोनला शिकवायला घेतलेले फोटो सगळे उभ्या माणसांचे! आणि ते निवडले कुणी? मीच.
साहेबांना सांगितलं. "अहो बाई, पार्सल यायच्या वेळी अंगणात आडवं कोण पडतंय?"
बाबा पडतात. मागच्या वर्षी चक्कर आली, तासभर तसेच पडून होते. आणि आमची औषधं जाणार म्हाताऱ्यांच्याच घरी.

७ मार्च
रविवार बुडवून अख्खी टीम पार्किंगमध्ये झोपवली. उताणे, पालथे, कुशीवर. फोटोच फोटो. वॉचमन म्हणाला, "पगारी झोप बरी आहे तुमची!"

१० मार्च
तरी ड्रोन दहापैकी चार वेळा आडव्या बाहुल्यावर उतरतंच. अन्न गोड लागत नाही. बाबांचा फोन आला होता, उचलला नाही. काय बोलू?

११ मार्च
सुरक्षेच्या कागदावर सही माझी लागते. नाही करत म्हटलं. साहेब म्हणाले, "सोमवारी सेवा सुरू झाली नाही तर पन्नास जण घरी बसतील. तुमच्या हट्टापायी!"

१२ मार्च
आज माझंच डोकं फिरलं. "बाहुला राहू दे, मीच झोपते. बघा उतरतं की नाही!" कुणी अडवलंही नाही. साहेब परतीचं बटण घेऊन कडेला उभे राहिले.
घरघर वाढत गेली. धूळ डोळ्यांत. मी डोळे मिटले — आणि ते थांबलं! थांबलं, वर गेलं, परत फिरलं. टाळ्या! मी ढसाढसा रडले. ओळखलं गं बाई मला!
आधी ड्रोनच्या नोंदींचा लॉग बघायचा, मग सही — हा नियम माझाच. पण साहेबांनी पेन पुढे केलं. केली सही.

१५ मार्च
सोमवार, सेवा सुरू. त्या चाचणीचा लॉग आज उघडला. खाली माणूस : नाही. परतण्याचं कारण : बटण दाबलं.
सकाळपासून एकतीस अंगणांत पार्सलं उतरलीत. आत्ता नऊ हवेत आहेत.