ओढ्यापलीकडचं घर

राजधानी, रविवार सकाळ
११ फेब्रुवारी १८२१

प्रिय जेप्थादादा,

तुम्ही सगळे खुशाल असाल आणि आईचा खोकला थंडीत बळावला नसेल, अशी आशा करतो. वहिनींना माझा नमस्कार सांग. मी बरा आहे. शेतावर थर्झा आणि मुलीही बऱ्या आहेत. मागच्या आठवड्यात निरोप आला की लाल गाय व्याली, वासरू आडवं आलं होतं, पण थर्झानं एकटीनं निभावलं. "आमदारसाहेबांना सांगा, वासरू काही सभा संपायची वाट बघत नाही," हेही तिनंच सांगून पाठवलंय.

इथलं काय सांगू? राजधानी म्हणजे चिखल आणि चिखलात उभी केलेली लाकडी घरं. विधानसभेच्या फळ्यांखाली डुकरं राहतात. कुणाचं भाषण फार लांबलं की ती खालून ओरडतात आणि सभापतींनाही हसू आवरत नाही. खाणावळीत एका खाटेवर आम्ही दोघं झोपतो, मी आणि ओबेड क्रंप. नदीवर होडी चालवून निवडून आलेला हा गडी अंगानं एवढा आहे की माझ्या वाट्याला खाटेची नुसती कड येते. पहिल्याच दिवशी मला न्याहाळून म्हणाला, "अहो टॅरंट, हा कोट तुमचा की तुमच्या सासऱ्यांचा?" सासऱ्यांचाच आहे. मी कबूल केलं, तेव्हापासून आमचं जमलं.

सकाळी मक्याची भाकरी आणि हरणाचं मांस, संध्याकाळी पुन्हा तेच. आई वाळवलेल्या सफरचंदांचं जे करायची, त्याची फार आठवण येते. थर्झा करते तसंच, पण तसं होत नाही. हे तिला कळवू नकोस.

ओढ्यापलीकडची जमीन मी तुझ्यासाठी राखून ठेवलीय, हे तुला ठाऊकच आहे. हे मात्र कळवलं नव्हतं की गेल्या शरदात शेजारीपाजारी जमवून तिथं घरही उभं केलं. ओंडके ओकचे आहेत. आईला ऊन मिळावं म्हणून तिची खोली दक्षिणेला काढली. थर्झा हसते मला. "आपल्या घरात अजून पायाखाली माती, आणि भावाच्या घराला खिडक्या!" म्हणते. पण खिडकीचे पडदे तिनंच शिवलेत. काम आटोपलं की मी त्या रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर जरा बसून येतो. ओहायो नदी ओलांडल्याला आता नऊ वर्षं होतील. माझ्या मुलींनी आजी पाहिलेली नाही. धाकटी एकदा म्हणाली, "बाबा, आजी खरी आहे, की तुम्ही आम्हाला झोपवायला सांगता?"

तुझं पत्र मला इथं यायच्या आधीच मिळालं होतं. शाई गोठते म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होतो. ते खरं नाही.

तू लिहिलंस, "तो कायदा करून घे, एनॉस. आपली माणसं करारावर बांधून पलीकडे आणता आली, तर मी वसंतात निघतो. सॉल आणि डायसीशिवाय माझं शेत उभं राहणार नाही, आणि माझ्याशिवाय आईला कोण आणणार?" आणि शेवटी, कागद उरला म्हणून लिहावं तसं: "डायसीची पोरगी इथंच ब्लेडसोंना देऊन टाकतोय. एवढ्या लांब आणखी एक खाणारं तोंड कशाला?"

करारावर म्हणजे काय, ते तुलाही कळतं आणि मलाही. इथं गुलाम ठेवायला बंदी, म्हणून त्यांनी कागदावर अंगठा उठवायचा आणि गुलामासारखाच जन्म काढायचा.

गुरुवारी मतदान झालं. दोन्ही बाजू इतक्या बरोबरीच्या होत्या की कुणी बाहेर थुंकायलाही उठत नव्हतं. ओबेड माझ्या कानाशी म्हणाला, "हो म्हणा आणि भावाला घरी आणा. एवढा कसला विचार करताय?" नावं क्रमानं वाचत होते आणि माझं शेवटाकडे होतं. तेवढ्या वेळात मी तुम्हाला येताना पाहिलं, दादा. तू होडीतून आईला उचलून उतरवलंस. मुली तुझ्या कोटाला लोंबकळल्या. घरात चूल पेटली होती आणि चुलीपाशी डायसी होती. ती मात्र आमच्याकडे बघत नव्हती. दारातून दक्षिणेकडे बघत होती, जसा मी त्या उंबऱ्यावर बसून बघतो तशी. तिची पोरगी लेटी नदीपलीकडे राहिली होती.

माझं नाव आलं. मी "नाही" म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की लेखनिकानं मान वर करून विचारलं, "काय म्हणालात?" मग ते मला मोठ्यानं म्हणावं लागलं.

विधेयक पडलं.

जेवताना मी ओबेडला डायसीचं आणि तिच्या पोरीचं सांगितलं. तो ताट सारून म्हणाला, "मी असतो तर भावाला आणलं असतं." मग म्हणाला, "आणि मग रोज त्या बाईच्या हातचं खाल्लं असतं."

आता तू येणार नाहीस. आईही येणार नाही. हे वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली.

पेनसिल्व्हेनियाहून आलेलं एक जोडपं त्या घरासाठी दोनदा विचारून गेलंय. बाई पोटुशी आहे, गाडीतच राहतात बिचारी. परत गेलो की त्यांना हो म्हणेन. घर रिकामं राहिलं तर मी रोज तिथं जाऊन बसेन, आणि ते बरं नव्हे.

आईला हे पत्र वाचून दाखव. रागारागानं वाचलंस तरी चालेल, पण वाच. मी तिला बोलवायचं विसरलो, असं तिला वाटू नये. पीक घरात आलं की मी थर्झाला आणि मुलींना घेऊन तिकडे येणार आहे. तू फाटकातूनच परत जा म्हणालास, तरी तेवढ्यात मुली आजीला बघतील.

आणि लेटीला अजून दिली नसशील तर देऊ नकोस, दादा. हे मी आमदार म्हणून सांगत नाहीये. मला नदीपलीकडे काडीचाही अधिकार नाही. मी फक्त मागतोय.

तू तोडलंस तरी तुझाच धाकटा,
एनॉस